बर्फाचे भाकीत आणि शॅकल्टनचे ‘साउथ’

धाडसाच्या पुस्तकाला वाचक एक सवलत नेहमी देतो. नायक परतला, की तो निघालाच का, हे कोणी विचारीत नाही. अर्नेस्ट शॅकल्टनच्या ‘साउथ’ (१९१९) ह्या पुस्तकाला ही सवलत शंभर वर्षे मिळत आली आहे.

१९१४ च्या नोव्हेंबरात त्याचे ‘एन्ड्युअरन्स’ जहाज साउथ जॉर्जिया बेटावर थांबले. वेडेल समुद्रातील बर्फ फार कठीण आहे, असे तेथील देवमाशांच्या शिकारी जहाजांच्या कप्तानांनी सांगितले. उपग्रह नव्हते, त्या पाण्यात वावरलेल्या माणसांचा शब्द हेच तेव्हाचे भाकीत. शॅकल्टनने ते लपविलेले नाही. त्याने जादा कोळसा घेतला, वाट पूर्वेकडून धरली. उणीव निराळीच आहे. ‘कसे जावे’ एवढेच त्याने त्या शब्दांत ऐकले. ‘जावे की नाही’ हे ऐकले नाही. जानेवारी १९१५ मध्ये ईशान्येच्या वाऱ्याने बर्फ किनाऱ्याकडे रेटला आणि जहाज अडकले. २१ नोव्हेंबरला ते बुडाले. त्यावरील अठ्ठावीसही जण वाचले आणि वाचकाचा प्रश्न तेथेच विरला.

परंतु पुस्तकाच्या उत्तरार्धात त्याच मोहिमेच्या दुसऱ्या तुकडीची, रॉस समुद्राकडील कथा आहे. ८ मे १९१६ रोजी मॅकिंटॉश आणि हेवर्ड हे दोघे, सोबती नको म्हणत असताना, समुद्रावरच्या कोवळ्या बर्फावरून चालत निघाले. वादळ आले, बर्फ फुटून वाहून गेला. ते पुन्हा दिसले नाहीत. माझ्या मते पुस्तकाचा खरा गाभा ह्या पानांत आहे. इथे सवलत मिळत नाही.

आजचा बर्फाचा नकाशा ह्या पुस्तकाशेजारी ठेवून पाहावा. नकाशावर एक लंबगोल असतो. त्यात वरचा आकडा समुद्राचे किती दशांश पृष्ठ बर्फाने झाकले आहे ते सांगतो. खालचे आकडे बर्फाचे वय आणि तुकड्यांचा आकार सांगतात. विशेषण एकही नाही! २०२२ मध्ये उपग्रहचित्रे आणि बर्फाच्या हालचालींची भाकिते हाताशी घेऊन गेलेल्या शोधकांना ‘एन्ड्युअरन्स’ ३,००८ मीटर खोल सापडले. आकडे सुधारले आहेत, यात शंका नाही. ऐकणारा सुधारला की नाही, हे मात्र कोणताही नकाशा सांगत नाही.

मुलांच्या हाती हे पुस्तक जरूर द्यावे. फक्त पहिल्या प्रकरणातील कप्तानांच्या सल्ल्याखाली पेन्सिलीने एक रेघ ओढून द्यावी.