खोबण मोजली, डोळा मोजला का?

जुन्या कवटीत डोळा शिल्लक राहत नाही, राहते ती त्याची खोबण. या खोबणीवरून डोळ्याबद्दल, आणि डोळ्यावरून मेंदूबद्दल किती बोलता येईल? ऑक्सफर्ड विद्यापीठातील पीअर्स व डनबार यांचा २०११ चा शोधनिबंध आणि ख्रिस स्ट्रिंगर यांच्यासह लिहिलेला २०१३ चा शोधनिबंध या प्रश्नाभोवती फिरतात. दोन्हींना वृत्तपत्रांत भरपूर जागा मिळाली. वर्गातही ते सांगितले जातात, म्हणून त्यांची तपासणी करणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम मोजमापाकडे पाहू. प्रौढ माणसाची खोबण साधारण ३५ मिलिमीटर उंच, ४० मिलिमीटर रुंद व ४५ मिलिमीटर खोल असते. उंचीला रुंदीने भागून १०० ने गुणले की ८७.५ हा निर्देशांक मिळतो. त्यातून आकाराची ठेवण कळते, आकारमान कळत नाही. शिवाय रुंदी मोजताना नाकाकडचा कोणता बिंदू धरला यावर उत्तर बदलते. पुस्तके खोबणीला पिरॅमिडची उपमा देतात. त्या सूत्राने ३५ × ४० × ४५ ÷ ३, म्हणजे २१ मिलिलिटर घनफळ येते. प्रत्यक्षात ते सुमारे ३० असते. काठाच्या आत सुमारे एक सेंटिमीटरवर खोबण अधिक फुगलेली असते, हे त्याचे एक कारण. २०११ च्या निबंधात काठावर न थांबता घनफळ मोजले आहे, ही त्याची जमेची बाजू.

त्यात १२ लोकसमूहांच्या ५५ कवट्या तपासल्या होत्या. विषुववृत्तापासून दूरच्या लोकांच्या खोबणी मोठ्या आढळल्या. तिकडे प्रकाश मंद, म्हणून डोळे मोठे व मेंदूतील दृष्टीचा भागही मोठा, असा अर्थ लेखकांनी लावला. कल्पना तर्कशुद्ध आहे. परंतु ५५ ला १२ ने भागले तर दर समूहाला पाच कवट्याही येत नाहीत.

२०१३ च्या निबंधात १३ निअँडरथल व ३२ आधुनिक मानवांच्या कवट्यांची तुलना आहे. निअँडरथलांच्या खोबणी मोठ्या भरल्या. त्यावरून पुढे साखळी जोडली गेली: खोबण मोठी म्हणून डोळा मोठा, म्हणून दृष्टीला मेंदूचा जास्त भाग, म्हणून सामाजिक व्यवहाराला कमी भाग, म्हणून लहान टोळ्या.

आमचा आक्षेप पहिल्याच कडीला आहे. नेत्रगोलाचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर धरला तर त्याचे घनफळ ७ मिलिलिटरच्या आसपास येते, म्हणजे खोबणीचा साधारण पाव हिस्सा. उरलेल्या जागेत चरबी, स्नायू, अश्रुग्रंथी, नसा व रक्तवाहिन्या असतात. तेव्हा खोबण वाढली तर नेत्रगोलच वाढला असेल असे नाही. निअँडरथलांचा चेहराच मोठा होता. मोठ्या चेहऱ्यात खोबणही मोठी असणे स्वाभाविक आहे. जॉन हॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हा दावा तपासला आणि खोबणीवरून टोळीचा आकार सांगणे भरवशाचे नाही असे दाखवले.

मग हे निबंध टाकाऊ आहेत काय? आम्हाला तसे वाटत नाही. खोबणींची मापे उपयोगी आहेत, आणि लेखकांनी मांडलेला तर्क तपासता येण्याजोगा होता, म्हणूनच तो तपासला गेला. दोष आहे तो मापाइतकाच भरवसा अनुमानावर ठेवण्यात. खोबण मोजलेली आहे. डोळा, मेंदूचा भाग आणि टोळी या तिन्ही अंदाजाच्या गोष्टी आहेत. प्रत्येक पायरीवर थोडी अनिश्चितता असते आणि पुढच्या पायरीवर ती वाढत जाते. बातमीत मात्र पहिल्या मापातून थेट शेवटचा निष्कर्ष निघाल्यासारखे वाटते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. ही साखळी फळ्यावर लिहावी आणि प्रत्येक बाणाखाली 'हे मोजले की मानले?' असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. पिरॅमिडचे गणितही त्यांच्याकडून करून घ्यावे. २१ आणि ३० मधला फरक स्वतः काढलेला विद्यार्थी पुढची बातमी वाचताना नक्कीच थबकेल.