ऱ्हस्व इकार आणि आघातमुद्रण
१९५३ साली लखनौच्या लिपिसुधारणा परिषदेने ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे नेण्याची सूचना केली. यंत्राची सोय हे तिचे एक समर्थन होते. टंकलेखनयंत्रात कळा मोजक्या असल्यामुळे जोडाक्षरे कमी करण्याचा विचार समजू शकतो. इकाराचे स्थलांतर मात्र यंत्ररचनेच्या कसोटीवर टिकत नाही. मराठी टंकलेखनयंत्रात इकार आधी व व्यंजन मागाहून उमटते. मात्रेची कळ दाबली असता गाडा जागचा हलत नाही. म्हणजे यंत्राला उच्चारक्रम ठाऊक नसतो, केवळ स्थान ठाऊक असते.

पुढे आलेल्या डॉट मॅट्रिक्स मुद्रकाने हेच अधिक स्पष्ट केले. त्याचे सुयांचे शीर्ष प्रथम कडेला जाते. तेथील संवेदकाने खूण दिली की ते पावले मोजीत सरकते. नऊ सुयांच्या मुद्रकात वरखालच्या चिन्हांसह देवनागरी ओळ सुबक उमटण्यास एकाहून अधिक फेऱ्या लागतात. शिरोरेषा एका फेरीत पुरी होते. काना मात्र दोन फेऱ्यांत विभागला जातो, आणि मोजणीत किंचित चूक होताच सांध्यावर दुभंगतो.

तेव्हा यंत्राची खरी अडचण इकाराच्या बाजूची नव्हे, उभ्या रेषेच्या सांध्याची आहे. ती दूर करणे हे यंत्रकाराचे काम होय. लिपीने त्यासाठी आपले वळण सोडण्याचे कारण नाही.