पहिला नंबर कुणाचा? स्लाइड गिटार आणि रसिकांचं भांडण

आज आपण विचारासाठी एक भांडण घेतलं आहे. स्लाइड गिटार वाजवणाऱ्यांत सगळ्यात थोर कोण? ब्लूज आणि रॉक ऐकणारे चार लोक जमले की हे भांडण हमखास लागतं. एक म्हणतो, ड्वेन ऑलमन, विषय संपला. दुसरा म्हणतो, अहो, डेरेक ट्रक्स ऐकलाय का नीट? तिसरा एल्मोर जेम्सशिवाय दुसरं नाव घेऊ देत नाही. चौथा सहसा वयानं मोठा असतो. तो शांतपणे म्हणतो, सन हाउस, आणि गप्प बसतो. मग एक पाचवा असतो, भांडणाला कंटाळलेला. तो म्हणतो, अहो, प्रत्येक जण आपापल्या जागी थोरच आहे. आमचा खरा वाद आहे तो या पाचव्याशी. त्याच्याकडे येऊच.

आधी वाद्याकडे बघू. गिटारच्या दांडीवर पडदे असतात. सतारीलाही असतात, पण सतारीचे सरकवता येतात, गिटारचे ठोकून बसवलेले. बोटानं तार दाबली की जो स्वर येतो, तो पडद्यानं ठरवून दिलेला स्वर. स्लाइड वाजवणारा काय करतो? डाव्या हाताच्या एका बोटात काचेची किंवा धातूची नळी घालतो आणि ती तारेवर नुसती टेकवून सरकवतो. दाबायची नाही, दाबली तर तार पडद्यावर आपटून खडखडते. आणि नळी बरोबर पडद्याच्या डोक्यावर आली तरच सूर लागतो. केसभर अलीकडे-पलीकडे झाली की संपलं. पूर्वी बाटलीची मान तोडून, घासून बोटात घालायचे, म्हणून बॉटलनेक हे नाव. ऑलमनकडे कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली होती. लोवेल जॉर्ज तर स्पार्क प्लग काढायच्या पान्याचा सॉकेटच बोटात घालायचा.

आता यातली गंमत बघा. पडदे जागेवरच आहेत, पण ते आता फक्त डोळ्याला खूण म्हणून उरले. सुराची जी जबाबदारी वाद्यानं घेतली होती, ती वादकानं परत आपल्या कानावर घेतली. कशासाठी? ब्लूजमधला गंधार पुष्कळदा ना कोमल असतो ना शुद्ध, मधेच कुठेतरी असतो. पियानोत त्याला जागाच नाही. गळ्यात आहे, आणि या नळीखाली आहे. स्लाइड ही गिटारला गळा देण्याची खटपट आहे, असं आम्ही म्हणतो ते यासाठी. आपल्या बीनकारांना आणि विचित्रवीणा वाजवणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

आता भांडण. आकड्यांनी ते मिटवायचा प्रयत्न पुष्कळ झाला. 'रोलिंग स्टोन' मासिकानं २००३ मध्ये शंभर थोर गिटारवादकांची यादी केली. त्यात ड्वेन ऑलमन दुसरा आणि राय कूडर आठवा होता. २०११ मध्ये त्यांनीच पुन्हा यादी केली. ऑलमन नववा, कूडर एकतिसावा. आता ऑलमन वारला १९७१ मध्ये, मोटरसायकलच्या अपघातात. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. जो माणूस १९७१ पासून गिटारला हात लावू शकलेला नाही, तो २००३ ते २०११ या काळात सात पायऱ्या खाली कसा उतरतो? (हशा) हसण्यासारखंच आहे, पण उत्तर साधं आहे. पहिली यादी एका समीक्षकाची होती, दुसरी वादक आणि जाणकारांच्या मोठ्या मंडळाची. मोजणारे बदलले, मोजायचं काय तेही बदललं. वादन होतं तिथंच आहे.

डब्ल्यू. बी. गॅली नावाच्या तत्त्वज्ञानं १९५६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचं म्हणणं असं की काही संकल्पना मुळातच विवाद्य असतात. त्यांच्याबद्दलचा वाद कुणाच्या अज्ञानामुळे होत नाही, तो त्या संकल्पनेच्या पोटातच असतो. आणि मौज म्हणजे त्यानं उदाहरण घेतलं ते एका कल्पित खेळातल्या अजिंक्यपदाचं. चेंडू टाकून खुंट पाडायचे, असा काहीसा खेळ. प्रत्येक संघानं खेळाचा एकेक गुण जोपासलेला आहे. अजिंक्यपद गुण मोजून द्यायचं नाही, जो सर्वांत चांगला खेळतो त्याला द्यायचं. म्हणजे प्रत्येक संघाचे चाहते म्हणणार, आमचे लोक खेळतात तोच खरा खेळ. हा वाद कधीच मिटणार नाही. तरी तो निरर्थक नाही, कारण त्यातूनच त्या खेळात काय काय शक्य आहे ते सगळ्यांना कळत जातं.

आता आपला पाचवा. 'सगळेच थोर' हे बोलणं फार सभ्य वाटतं, पण त्यात ऐकण्याचं काम टाळलेलं असतं. कांटनं १७९० मध्ये एक साधा फरक दाखवला होता. मला हे आवडतं, असं म्हणणारा दुसऱ्याकडून काही मागत नाही. हे सुंदर आहे, असं म्हणणारा मात्र मागतो. तुम्हालाही हे सुंदर वाटायला हवं, अशी त्याची अपेक्षा असते. पाचव्याला ही मागणीच करायची नाही. मग त्याच्या 'थोर' या शब्दाला वजन कुठून येणार? म्हणून आम्ही भांडणाऱ्यांच्या बाजूचे आहोत. फक्त भांडण क्रमांकावर करू नये, ऐकलेल्या स्वरांवर करावं.

करून बघू. आमची कसोटी अशी: नळी दोन स्वरांच्या मधल्या वाटेवर असताना वादक काय करतो? पोचल्यावर तर कुणीही सुरात असतो, निदान असायला हवा. प्रवासात काय होतं ते बघायचं.

एल्मोर जेम्सवर आक्षेप असा की त्याच्याकडे एकच तुकडा आहे. 'डस्ट माय ब्रूम', १९५१. सुरुवातीचा तो तीन-तीनच्या पटीत कोसळणारा तुकडा, आणि मग तोच तुकडा आयुष्यभर, गाण्यामागून गाण्यात. आक्षेप खरा आहे. पण लक्ष देऊन ऐका. तो वाटेवर रेंगाळतच नाही, दार ढकलून आत येतो. नळी वर पोचली की तिथं ती थरथरते, आणि सगळा जीव त्या थरथरीत आहे. एका तुकड्यावर माणूस किती वर्षं उभा राहू शकतो, हे मोजायला कुठल्या यादीत रकाना नसतो.

ड्वेन ऑलमन. त्याला अकाली मृत्यूचे वाढीव गुण मिळतात, हे आधी कबूल करू. रसिक तसे देतातच. ते वजा केले तरी बरंच उरतं. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात ध्वनिमुद्रित झालेला कार्यक्रम ऐका. तिथे 'स्टेट्सबरो ब्लूज'च्या पहिल्याच क्षणी त्याची गिटार गायकाच्या आधी गाऊ लागते. त्याचे वाक्यांश तोंडानं वाजवायच्या हार्मोनिकासारखे आहेत, मधे श्वास घेणारे. आणि 'लैला'च्या शेवटच्या भागात तो पडदे जिथे संपतात त्याच्याही पलीकडे जातो. तिथे डोळ्याला खूणच नाही, फक्त कान. तो धोका तो हसत हसत घेतो. ही सगळी कमाई मोजक्या तीन-चार वर्षांची.

डेरेक ट्रक्सचा जन्म १९७९ चा. ऑलमन ब्रदर्सचा ढोलवादक बुच ट्रक्स याचा हा पुतण्या, त्यामुळे ती परंपरा घरातच होती. पण तो कॅलिफोर्नियातल्या अली अकबर खाँसाहेबांच्या विद्यालयातही शिकला, आणि ते ऐकू येतं. त्याच्याकडे खरी मींड आहे. स्वराला जाताना तो मधल्या जागा नुसत्या ओलांडत नाही, एकेक दाखवत जातो. नखी वापरत नाही, बोटांनी छेडतो, म्हणून प्रत्येक स्वराचा रंग त्याच्या हातात राहतो. नुसतं कसब बघायचं तर तो ऑलमनच्या पुढे आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. तरी एक अडचण राहते. त्याला सगळं येतं, आणि पुष्कळदा तो सगळं वाजवतो. चढत चढत टोकाला जायचं, टाळ्या घ्यायच्या, हा साचा त्यालाही सुटलेला नाही. ऑलमनची गिटार कधी कधी पोचेल की नाही असं वाटायला लावते. ट्रक्स पोचणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

बॉनी रेटचं नाव या भांडणात उशिरा निघतं, आणि निघालं की आधी 'गायिका म्हणून थोर' हे जोडलं जातं. मिसिसिपी फ्रेड मॅक्डॉवेलच्या सहवासात शिकलेली ही बाई दोन ओळींच्या मधे चार स्वर ठेवते आणि थांबते. ते थांबणं पुष्कळ पुरुषांना जमलेलं नाही.

आता एका गोष्टीकडे जरा रागानंच बघावं लागेल. ही भांडणं सुरू होण्याआधीच अर्धे लोक बाहेर काढलेले असतात, आणि तेही एका व्याख्येनं. गिटार उभी धरून बोटात नळी घातली तर ती स्लाइड. गिटार मांडीवर आडवी ठेवून हातात पोलादी कांडी धरली तर ती म्हणे वेगळी, स्टील गिटार. तार तीच, सरकणं तेच. ही आडवी पद्धत रुजवण्याचं श्रेय हवाई बेटांवरच्या जोसेफ केकूकूला देतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईयन संगीत गाजलं आणि अमेरिकाभर त्याची लाट आली. ती आपल्याकडेही पोचली. सिनेमाच्या गाण्यांच्या धुना हवाईयन गिटारवर वाजवलेल्या तबकड्या तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी असतील. व्हॅन शिपलेंचं नाव आठवत असेल.

ब्रिजभूषण काबरांनी तीच गिटार मांडीवर घेतली आणि तिच्यावर राग मांडला. अली अकबर खाँसाहेबांचेच ते शिष्य. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही त्यांची तबकडी मुंबईत झाली, आणि तिच्यामागे आपले भावगीतवाले जी. एन. जोशी होते. संतूर आणि बासरीचं कौतुक करताना या तबकडीतल्या तिसऱ्या माणसाला आपणही विसरतो. आलापीत एका स्वरावर थांबून राहण्याची काबरांची जी तयारी आहे, ती आमच्या कसोटीला पुरेपूर उतरते. पण ते कुठल्या यादीत दिसतात का? विश्वमोहन भट्ट दिसतात कधीमधी, तेही राय कूडरमुळे. 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ही दोघांची तबकडी १९९३ ची. तिला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाली. भेटल्यावर तासाभराच्या आत दोघं वाजवायला बसले होते. त्यात कूडर काय वाजवतो यापेक्षा काय वाजवत नाही ते ऐका. भट्टांची मींड चालू असताना तो वाट मोकळी ठेवतो. आठवा की एकतिसावा हे ठरवताना कुणी हे मोजलं असेल असं वाटत नाही.

आणि ज्यांची नोंदच झाली नाही ते? डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकारानं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय: १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघताना, फाटक्या कपड्यातला एक माणूस गिटारच्या तारांवर चाकू दाबून वाजवताना त्याला दिसला. ब्लूजच्या इतिहासात ही हकीकत सगळे सांगतात. त्या माणसाचं नाव कुणी विचारलं नाही.

मग आमचं मत काय? पाचव्यासारखं सटकता येणार नाही. आमचं मत ब्लाइंड विली जॉन्सनला. टेक्सासचा, लहानपणीच दृष्टी गेलेला, रस्त्यावर देवाची गाणी म्हणणारा माणूस. १९२७ ते १९३० या काळात त्याच्या तीसच बाजू ध्वनिमुद्रित झाल्या. १९४५ मध्ये बोमाँट गावी तो दारिद्र्यात वारला. ३ डिसेंबर १९२७ ला डॅलसमध्ये त्यानं 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' वाजवलं. त्यात शब्द नाहीत. तो नुसता कण्हतो, हुंकार देतो. तार ते हुंकार उचलते, आणि काही वेळा तो अर्ध्यावर सोडतो आणि तार पुरं करते. कसबाचं प्रदर्शन म्हणावं असं त्यात काही नाही. ट्रक्सला हे सगळे स्वर सहज वाजवता येतील. पण वाटेवर काय होतं, या आमच्या प्रश्नाला इथे वेगळंच उत्तर मिळतं. इथे पोचणं जवळजवळ नाहीच, सगळी वाटच आहे. राय कूडरनं 'पॅरिस, टेक्सास' या चित्रपटाचं संगीत याच रचनेवर उभं केलं, ते उगाच नाही.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचा आवाज म्हणून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात ही रचना आहे. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या; तेव्हा दुसरं यान निघून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. दोघांत पहिला कोण, हे तिथे कुणी विचारलेलं नाही. आपण मात्र विचारू शकतो. प्रश्नोत्तरांत कुणी केसरबाईंच्या बाजूनं उभं राहिलं, तर आम्हाला आनंद होईल. आणि ऑलमनवाल्यांनीही तयारीत राहावं.

आता जॉन्सन ऐकू. सव्वातीन मिनिटांचंच आहे, मुद्रण जुनं आहे, खरखर येईल. गळा कुठे संपतो आणि तार कुठे सुरू होते, ती जागा पकडायचा प्रयत्न करा. मागच्या बाजूचे पंखे तेवढे बंद करता का कुणी?