इमारतीचं आयुष्य कोण ठरवतं?

'ऊर्जा वाचवणारी इमारत' असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपल्या डोळ्यांसमोर फक्त विजेचं बिल असतं. आपल्याकडे ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी कार्यालयांच्या इमारतींना स्टार देते, ते दर चौरस मीटरमागे वर्षाकाठी किती युनिट वीज लागली यावर. सिमेंटच्या भट्टीत, सळईच्या कारखान्यात जे जळलं, त्याचा त्यात पत्ताच नसतो. इमारत जणू आयती आभाळातून पडली!

म्हणून २०११ चं ईएन १५९७८ हे युरोपीय मानक मला महत्त्वाचं वाटतं. खाणीपासून राडारोडा टाकण्यापर्यंत सगळं मोजा, असं ते सांगतं. मालाचं उत्पादन, वाहतूक आणि बांधकाम, वापर आणि दुरुस्ती, शेवटी पाडकाम, प्रत्येकाचं खातं वेगळं. वाचायला रुक्ष आहे (तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यानं ही तक्रार करू नये म्हणा), पण प्रामाणिक आहे.

माझं भांडण आहे ते 'आयुष्य' या शब्दाशी. हिशेब किती वर्षांचा, हे आधीच ठरवावं लागतं. युरोपीय आयोगाची 'लेव्हल्स' ही चौकट ५० वर्षं धरते, ब्रिटनमधली आरआयसीएस ही सर्व्हेअरांची संस्था ६०. आता बघा. बांधकामाला ६० एकक ऊर्जा लागली, तर ६० वर्षांत वाटून वर्षाला एक येते. तीच इमारत तिशीत पाडली, तर दोन. काँक्रीट तेच, आकडा दुप्पट! म्हणजे उत्तराचा अर्धा भाग आपण प्रश्नातच घालून ठेवलेला असतो.

पुण्या-मुंबईत हे नुसतं तर्काचं कोडं राहत नाही. काही इमारती खरंच धोकादायक असतात, त्या पाडायलाच हव्यात. पण तिशी-चाळिशीतल्या कितीतरी धडधाकट इमारती रीडेव्हलपमेंटला जातात त्या एफएसआय वाढला म्हणून. आमच्या सोसायटीच्या सभेत बिल्डरच्या माणसानं नव्या इमारतीची सौर पॅनेलं, एलईडी, सगळं पडद्यावर दाखवलं. मी विचारलं, "या इमारतीची उरलेली वर्षं कुठे धरलीत? आणि पाडकाम?"

"सर, ते जुन्या बिल्डिंगचं झालं ना," तो म्हणाला.

खात्यांच्या हिशेबानं तो चुकत नव्हता. फक्त जुन्या इमारतीचं खातं कोणी कधी उघडलंच नव्हतं.