मदत की भरपाई?
वली दखनी मूळचा औरंगाबादचा, उर्दू गझलेचा आद्य शायर. त्याची अहमदाबादेतील मजार 2002 च्या दंगलीत जमीनदोस्त झाली आणि त्या जागेवरून लगेच डांबरी रस्ता गेला. रस्ते काही दंगलखोर बांधत नाहीत! दंगलीत उद्ध्वस्त झालेल्या धर्मस्थळांची भरपाई शासनाने द्यावी, असे गुजरात उच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितले. शासनाच्या निष्काळजीपणावर बोट ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो आदेश रद्द केला, शासनाची जास्तीत जास्त 50,000 रुपयांची मदत-योजना मान्य केली. या निकालातला आकडा नव्हे, शब्द वाचायला हवा. भरपाईत कबुली असते. मदतीत फक्त मेहरबानी. युनेस्कोचा 2003 चा जाहीरनामा मानवजातीचा मोलाचा वारसा जाणूनबुजून नष्ट करणाऱ्या राज्याला जबाबदार धरतो, आणि तो नष्ट होत असताना हात बांधून बसणाऱ्यालाही. जाहीरनामा बंधनकारक नाही, हे खरे. पण ‘मदत’ हा शब्द त्यात चालला नसता.