बाटलीतली गोगलगाय : एका प्रयोगाची उलटतपासणी

प्रयोगांच्या पुस्तकांत एक जुना प्रयोग हमखास भेटतो. चार परीक्षानळ्यांत पाणी आणि थोडे ब्रोमोथायमॉल ब्लू घ्यायचे. एकीत पाण्यातली गोगलगाय, दुसरीत हायड्रिला, तिसरीत दोन्ही, चौथीत काहीच नाही. बुचे लावून नळ्या उजेडात ठेवायच्या. पहिल्या नळीतले पाणी कार्बन डायऑक्साइडमुळे पिवळसर होते. निष्कर्ष ठरलेला : गोगलगाय वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड देते, वनस्पती तिला ऑक्सिजन, म्हणून दोघे मित्र.

प्रयोग स्वस्त आहे, आणि तुलनेसाठी चौथी नळीही आहे. असाच संच अंधारात ठेवला, तर वनस्पतीही श्वसन करतात हे दिसते. आमचा आक्षेप ‘म्हणून’ या शब्दाला आहे. रंगबदलातून वायूंची देवाणघेवाण कळते. वनस्पती वाढली की नाही, हे इथे कोणी मोजलेलेच नसते.

तळ्यात पाहिले तर वेगळेच घडते. पाण्याखालच्या पानांवर शेवाळाचा बुळबुळीत थर साचतो. तो पानाचा उजेड अडवतो. गोगलगाय जिभेवरच्या बारीक दातांनी हा थर खरवडून खाते. ब्रिटिश शास्त्रज्ञ अंडरवुड यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्लॅनॉर्बिस गोगलगायींच्या सोबतीने सेराटोफायलम ही पाणवनस्पती अधिक वाढली. त्यामागे शेवाळ खरवडणे होते, तसेच गोगलगायींमुळे पाण्याच्या रासायनिक स्थितीत होणारे बदलही होते.

मग मैत्री सिद्ध झाली का? नाही. दक्षिण अमेरिकेतली सोनेरी सफरचंदी गोगलगाय 1980 च्या सुमारास खाद्य म्हणून आशियात आणली गेली. ती वनस्पतीच फस्त करते. थायलंडमधल्या पाणथळींच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही गोगलगाय भरपूर होती तिथे पाणवनस्पती जवळपास नाहीशा झालेल्या आणि पाण्यात सूक्ष्म शैवाल माजलेले आढळले. म्हणजे गोगलगायीची जात कोणती आणि संख्या किती, यावर उत्तर अवलंबून आहे.

आमची सूचना साधी आहे. नळ्यांचा प्रयोग श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण शिकवण्यापुरता जरूर करावा. वाढीचा प्रश्न आला की सहा उघड्या बरण्या घ्याव्यात. प्रत्येकीत तळ्याचे पाणी आणि सारख्या लांबीची हायड्रिलाची फांदी. तिघींत दोन-दोन लहान गोगलगायी. तीन आठवडे दर आठवड्याला लांबी मोजावी, पानांवरचे शेवाळ पाहावे, कुरतडलेली पाने मोजावीत. गोगलगायी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. निकाल काहीही येवो, तो मुलांनी स्वतः मोजलेला असेल.