अद्भुतरम्य कादंबरीमाला : वाचन व मूल्यमापन

स्वतंत्र भूगोल, इतिहास व जादूचे नियम असलेल्या एकाच कल्पित विश्वात घडणाऱ्या आणि वर्षानुवर्षे खंडशः प्रसिद्ध होत राहणाऱ्या कादंबऱ्यांची गुंफण. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतील लोकप्रिय वाङ्मयात हा प्रकार विशेष फोफावला. समीक्षेने त्याला बहुधा पलायनवादी म्हणून बाजूस सारले, तर चाहत्यांनी त्याची भक्तिभावाने स्तुती केली. मूळ प्रश्न दोहोंकडून दुर्लक्षित राहिला. तो असा, की जी कृती पुरी व्हावयास वीस-वीस वर्षे लागतात, तिचे मूल्य एकेका खंडावर ठरवावे की समग्र मालेवर?

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (३ खंड, १९५४–५५) या कृतीला या मालांचे आद्य उदाहरण मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती माला नव्हे. लेखकाने ती एकच कादंबरी म्हणून रचली. तिचे तीन भाग पडले ते प्रकाशनव्यवहाराच्या सोयीने. अनुकरणकर्त्यांनी मात्र तिची एकात्मता न घेता तिची विभागणीच तेवढी उचलली.

रॉबर्ट जॉर्डन (मूळ नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी, १९४८–२००७) यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही माला (१४ खंड व एक पूर्वकथा, १९९०–२०१३) या दृष्टीने उद्‌बोधक आहे. युगे फिरून फिरून येतात, ही तिच्यामागील कल्पना भारतीय वाचकास परकी वाटत नाही. पात्रे मात्र त्या चक्रात असूनही आपल्या निवडीचा भार वाहतात, आणि पहिल्या पाच-सहा खंडांचे बळ यातच आहे. पुढे कथासूत्रे इतकी फाटत गेली, की दहाव्या खंडात (‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, २००३) नवव्या खंडाच्या अखेरीस घडलेल्या एकाच महान घटनेकडे निरनिराळी पात्रे दुरून पाहत असल्याचेच वर्णन बराच काळ चालते. वाचकांनी या खंडाला कंटाळवाणा ठरविले. हा निर्णय अन्यायाचा नाही. कारण स्वतंत्र पुस्तक म्हणून विकल्या गेलेल्या खंडाने काहीतरी पुढे नेलेच पाहिजे. मात्र माला पूर्ण झाल्यावर सलग वाचणाऱ्यास तोच खंड दीर्घ प्रवासातील एका मंद मुक्कामासारखा वाटतो. दोष नाहीसा होत नाही, त्याचे प्रमाण बदलते. समीक्षकाने आपण कोणत्या स्थितीत वाचले, हे सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते. प्रतीक्षेची चीड हा वाचनाचा खरा अनुभव असला, तरी तो संहितेचा गुणधर्म नव्हे.

जॉर्डन यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या टिपणांवरून व त्यांनी सांगून ठेवलेल्या मजकुरावरून ब्रँडन सँडरसन यांनी अखेरचे तीन खंड (२००९, २०१०, २०१३) लिहिले. त्यांत कथेचा वेग परत आला. परंतु मॅट या पात्राचा तिरकस विनोद बाराव्या खंडात उसना वाटतो. या खंडांना ‘पूर्तता’ म्हणून गौरविताना हा स्वरभेद झाकण्याचे कारण नाही. आपल्याकडेही असा प्रसंग येऊन गेला आहे. ‘चंद्रकांता’ व तिची चोवीस भागांची ‘संतति’ लिहून हिंदी वाचकास तिलिस्म आणि ऐयारी यांचे वेड लावणारे देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांची ‘भूतनाथ’ ही कादंबरी अपुरी राहिली व ती त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली.

२०१४ साली ‘व्हील ऑफ टाइम’ या सबंध मालेस एकच कादंबरी मानून ह्यूगो पारितोषिकासाठी नामांकन मिळाले. नियमात ते बसत होते; पण एका खंडाची कादंबरी आणि चौदा खंडांचा पसारा एका तराजूत घालणे विचित्रच होते. मालांसाठी स्वतंत्र पारितोषिक २०१७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात दिले गेले व नंतर ते कायम झाले.

विस्तार म्हणजे शैथिल्यच, असे मात्र नाही. अर्सुला ल ग्विन (१९२९–२०१८) यांच्या ‘अर्थसी’ मालेतील पहिल्या तीन कादंबऱ्यांत (१९६८–७२) थोर जादूविद्या पुरुषांकडेच आहे आणि स्त्रियांची जादू दुबळी व दुष्ट समजली जाते. लेखिकेने अठरा वर्षांनी ‘टेहानू’ (१९९०) लिहून आपल्याच या गृहीताची उलटतपासणी केली. तीत महान जादूगार गेड आपली शक्ती गमावून बसला आहे आणि कथेचा भार विधवा तेनार व एक भाजलेली, अव्हेरलेली मुलगी यांवर आहे. पराक्रमाची अपेक्षा करणारे वाचक नाराज झाले. परंतु येथे पुढील खंड मागील खंडांचा अर्थ बदलतो, त्यांत नुसती भर घालीत नाही. दीर्घ मालेला एकट्या कादंबरीहून अधिक काही साधता येत असेल, तर ते हेच होय. जॉर्डन यांच्या प्रचंड रचनेत असा क्षण क्वचितच येतो.

टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालेतील ४१ कादंबऱ्या बव्हंशी स्वयंपूर्ण असल्याने तेथे हा प्रश्न सौम्य होतो. आरंभीच्या दोन कादंबऱ्या विडंबनापलीकडे फारशा जात नाहीत. क्रमाचा आग्रह धरून त्यांपासूनच सुरुवात करणारा वाचक लेखकाच्या परिपक्व उपहासापर्यंत पोहोचण्याआधीच परतण्याचा संभव असतो.

अपूर्ण मालांविषयी निर्णय देणे सर्वांत अवघड. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालेचा पहिला खंड १९९६ मध्ये व पाचवा २०११ मध्ये निघाला. सहाव्यासाठी वाचकांना दहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. दरम्यान तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिका २०१९ मध्ये स्वतःचा शेवट करून मोकळी झाली, आणि त्या शेवटावरचा रोष अनेकांनी न लिहिलेल्या पुस्तकांवर काढला. तिसऱ्या खंडातील विवाहप्रसंगीचे हत्याकांड ज्या संयमाने आधीच्या शेकडो पृष्ठांत पेरलेले आहे, ते कौशल्य मात्र छापील पृष्ठांवर सिद्ध आहे.